एच-इंडेक्स काय सांगतो, काय लपवतो?

हदगावहून पेटची तयारी करणारे मित्र विचारतात, "गाईड निवडताना एच-इंडेक्स बघायचा ना?" बघा, पण तिथंच थांबू नका.

कुरुंदवाडला जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ श्रीनिवास कुलकर्णी यांचंच उदाहरण घ्या. १९८२ मध्ये सेकंदाला ६४२ वेळा फिरणारा पहिला मिलिसेकंद पल्सार सापडला, तेव्हा ते बर्कलीत पीएच.डी. करत होते. त्या पेपरवर पहिलं नाव बॅकर यांचं, दुसरं कुलकर्णींचं. १९९५ मध्ये ग्लीझ २२९ बी हा तपकिरी बटू जाहीर झाला. त्यात नाकाजिमा पहिले, कुलकर्णी तिसरे. एच-इंडेक्सला हा क्रम दिसतच नाही. पहिल्या नावाला जेवढं श्रेय, तेवढंच शेवटच्याला.

दुसरी अडचण सायटेशनच्या कारणाची. कुलकर्णींच्या नेतृत्वाखाली उभी राहिलेली झ्विकी ट्रान्झिएंट फॅसिलिटी २०१८ पासून आकाश टिपते. तिचा डेटा वापरणारे यंत्रणेवरचा पेपर सायट करतात. ही वापराची पावती झाली. नव्या कल्पनेला मिळालेली दाद वेगळी. मोजताना मात्र दोन्ही सारखेच.

कुलकर्णींचं काम यानं लहान होत नाही, आकडाच अपुरा ठरतो. म्हणून गाईडचे सर्वाधिक सायट झालेले तीन पेपर उघडा. विद्यार्थ्याचं नाव कितव्या क्रमांकावर आहे? पुढची चार-पाच वर्षं तुमची आहेत.