पटावरचे पानिपत

मराठी माणसांच्या बैठकीत पानिपताचा विषय निघाला की तो 'काय झाले' या प्रश्नावर फार वेळ थांबत नाही. तो लगेच 'काय झाले असते' याकडे वळतो. विश्वासरावांना गोळी लागली नसती तर? मल्हारराव होळकर शेवटपर्यंत उभे राहिले असते तर? सूरजमल जाट सोबत राहिला असता तर? १४ जानेवारी १७६१ या दिवसाला अडीचशेहून अधिक वर्षे लोटली, तरी ही 'जर-तर'ची भाषा आटलेली नाही. या भाषेने आपल्या साहित्याला बरेच काही दिले आहे. तिने आपली इतिहासाची समज वाढवली का, हा प्रश्न मात्र विचारण्याजोगा आहे. तो विचारण्यासाठी या लेखात एका वेगळ्या साधनाचा आधार घेतला आहे. ते साधन म्हणजे टेबलावर मांडून पुन्हा लढली जाणारी लढाई.

हा प्रकार आपल्या वाचकांच्या फारसा परिचयाचा नसेल, म्हणून थोडे स्पष्टीकरण. मोठ्या टेबलावर रणभूमी मांडायची. नदी, टेकड्या, गावे सारे प्रमाणात. त्यावर इंच-सव्वा इंच उंचीचे रंगवलेले सैनिक तुकड्या-तुकड्यांनी उभे करायचे. एक बाहुला म्हणजे पन्नास किंवा शंभर माणसे, असे प्रमाण आधी ठरवायचे. घोडदळ एका खेपेस किती अंतर जाईल ते पट्टीने मोजायचे आणि तोफेचा मारा लागला की चुकला ते फाशांवर सोडायचे. युरोपात आणि अमेरिकेत १०६६ ची हेस्टिंग्जची, १४१५ ची अजिनकोर्टची, १८१५ ची वॉटर्लूची लढाई अशा रीतीने असंख्य वेळा पुन्हा लढली गेली आहे.

याचे मूळ शोधू गेल्यास आपल्याच चतुरंगापर्यंत जाता येते. पण बुद्धिबळात दोन्ही सैन्ये सारखी असतात आणि दोन्ही खेळाडूंना सारा पट दिसत असतो. खऱ्या युद्धात यातले काहीच नसते. प्रशियात फॉन राइसविट्झ नावाच्या गृहस्थाने १८१२ साली राजासाठी असे एक युद्धाचे टेबल तयार केले. त्याच्या तोफखान्यातील अधिकारी मुलाने १८२४ साली नियम पक्के केले आणि त्यात पंच आणला. शत्रूची जी तुकडी खरोखर दिसू शकेल तेवढीच पंच खेळाडूला दाखवी. प्रशियन सैन्याने हा खेळ प्रशिक्षणासाठी स्वीकारला. पुढे १९१३ साली एच. जी. वेल्स या कादंबरीकाराने खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईवर एक लहानसे पुस्तक लिहिले आणि हा खेळ घराघरांत गेला. ज्याने असे दोन-चार डाव खेळले त्याला खरे युद्ध किती गोंधळाचे असते हे कळेल, असा वेल्सच्या सांगण्याचा आशय आहे. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले.

आपल्याकडे याचा जवळचा नातलग शोधायचा तर तो दिवाळीतला किल्ला होय. येथे बारडोलीतही सोसायटीच्या कोपऱ्यात मराठी मुले मातीचा किल्ला करतात, मोहरी-अळीव पेरून हिरवळ उगवतात, वर सिंहासनावर महाराज आणि उतारावर मावळे बसवतात. शेजारची गुजराती मुलेही माती आणायला धावतात. ही परंपरा सुंदर आहे आणि परमुलखात तर ती अधिकच मोलाची आहे. पण समीक्षेच्या दृष्टीने पाहिल्यास एक गोष्ट लक्षात येते. या किल्ल्यात शत्रू नसतो. असलाच तर तो आधीच पडलेला असतो. चौकीवरचा मावळा चार दिवस जागचा हलत नाही, त्याला भूक लागत नाही, त्याचे घोडे थकत नाही. किल्ला ही आरास आहे, आणि आरास म्हणून ती परिपूर्ण आहे. अडचण तेव्हा येते, जेव्हा आपण सारा इतिहासच आरास म्हणून वाचू लागतो.

पानिपतावर आपल्याकडे विपुल लेखन झाले. 'भाऊसाहेबांची बखर' आहे. त्र्यंबक शंकर शेजवलकरांचा अभ्यासग्रंथ १९४६ साली इंग्रजीत आणि १९६१ साली मराठीत आला. विश्वास पाटलांची 'पानिपत' ही कादंबरी १९८८ ची. आशुतोष गोवारीकरांचा हिंदी चित्रपट २०१९ चा. आणि डॉ. जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही विज्ञानकथा आहे, जिचे इंग्रजी रूप एन.सी.ई.आर.टी.च्या अकरावीच्या पाठ्यपुस्तकात समाविष्ट झाले. या कथेत विश्वासरावांना लागणारी गोळी कानाजवळून निघून जाते, मराठे जिंकतात आणि पुढचे सारे जग बदलते. सामान्य वाचकाच्या मनात पानिपताची जी कल्पना आहे ती या सर्वांतून गाळून उरलेली आहे, आणि तिचे सार एका वाक्यात सांगायचे तर, एका गोळीने घात केला. ही कल्पना पटावर मांडून पाहिली की काय होते?

आमच्या शाळेतील वरच्या वर्गाच्या काही मुलांबरोबर सुटीत हा प्रयोग करून पाहिला. रंगवलेले बाहुले आणण्याची ऐपत कोठली! घोडदळाला चिंचोके, पायदळाला तुरीचे दाणे आणि तोफांना बाटल्यांची झाकणे घेतली. एक चिंचोका म्हणजे पाचशे स्वार. सुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशिराज पंडिताने प्रत्यक्ष पाहून लिहिलेल्या वृत्तांतातील आकडे घेतले. मराठ्यांकडे ५५,००० स्वार आणि १५,००० पायदळ; अब्दाली आणि त्याच्या मित्रांकडे मिळून ४१,८०० स्वार आणि ३८,००० पायदळ. या आकड्यांविषयी इतिहासकारांत एकमत नाही, पण मांडणीसाठी ते पुरेसे होते.

पट मांडताच पहिला प्रश्न उभा राहिला: खेळ केव्हापासून सुरू करायचा? मुलांनी स्वाभाविकपणे १४ जानेवारीची सकाळ धरली. सारे ताजेतवाने. इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी समोरच्या रोहिल्यांची दाणादाण उडवली आणि मराठ्यांनी डाव जिंकला. त्या डावात विश्वासराव दुपारीच पडले होते, तरी फळी टिकली. मग दुसऱ्या डावात मागील अडीच महिने जमेस धरले. १७६० च्या ऑक्टोबरअखेर अब्दाली बागपताजवळ यमुना उतरला आणि मराठ्यांचा दिल्लीशी संबंध तुटला. नोव्हेंबरपासून छावणी पानिपतास अडकली. डिसेंबरात रसदेची व्यवस्था पाहणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि उरलासुरला धान्याचा मार्गही बंद झाला. म्हणून नियम असा केला की मराठ्यांचे घोडे तीन-चतुर्थांशच अंतर चालेल आणि दुपारनंतर त्याहूनही कमी. अब्दालीने राखीव ठेवलेले स्वार दुपारी मैदानात उतरतील. या डावात विश्वासराव अखेरपर्यंत हत्तीवर जिवंत होते आणि तरीही डाव गेला.

दोन डावांनी इतिहास सिद्ध होत नाही, हे सांगायला नको. पण 'एका गोळीने घात केला' या वाक्यात किती महिने गाळले गेले आहेत, ते मुलांना समजले. येथे नारळीकरांवर अन्याय होऊ नये. सैन्ये तुल्यबळ असताना, नेमक्या निर्णायक क्षणी, एक लहानशी घटनाही पारडे फिरवू शकते, अशी त्यांची अट आहे आणि ती कथेतच स्पष्ट केलेली आहे. आपण वाचक गोळी लक्षात ठेवतो आणि अट विसरतो.

दुसरा प्रश्न अधिक मूलगामी आहे: जिंकणे कशाला म्हणायचे? बुद्धिबळात राजा अडकला की संपले. पण त्या दिवशी भाऊसाहेबांना नेमके काय साधायचे होते? शेजवलकरांनी मांडलेला गोलाच्या लढाईचा बेत खरा धरला, तर सारी छावणी मधे घेऊन, भोवती तोफा आणि स्वार ठेवून, शत्रूला मारीत-हटवीत दिल्लीच्या मार्गाला लागणे हा त्यांचा हेतू होता. तिसऱ्या डावात आम्ही 'छावणी पटाच्या दक्षिण कडेला पोहोचली तर मराठ्यांचा जय' असा नियम ठेवला. लगेच खेळ पालटला. पुढे धावून पराक्रम करणारा चिंचोका आता अडचणीचा ठरू लागला, कारण त्याने गोल फुटत होता. डाव्या बाजूचे स्वार गारद्यांच्या पुढे घुसले आणि त्यांच्याच तोफा थांबल्या, असे शेजवलकर सांगतात. ज्या धाडसाचे आपण पोवाडे गातो तेच धाडस बेत मोडणारे असू शकते, ही गोष्ट वर्गात सांगून पटत नाही. पटावर आपलाच गोल फुटला की पटते.

तिसरा प्रश्न माणसाला आकडा देण्याचा. या खेळात प्रत्येक तुकडीला मनोबलाचा अंक असतो. गारद्यांना वरचा अंक द्यायला कोणाचीच हरकत नव्हती. पण होळकरांना किती द्यायचा? कमी दिला तर ते पळणार हे आधीच ठरले. जास्त दिला तर ते का निघाले याचे उत्तर द्यावे लागणार. काहींच्या मते त्यांनी कच खाल्ली, काहींच्या मते हरलेल्या लढाईतून उरलेले सैन्य वाचवले. यावरून मुलांत बराच वाद झाला, आणि तो वाद हीच त्या दिवसाची खरी इतिहासाची तासिका होती. युद्धपटाचे नियम वरवर निर्विकार दिसतात, पण प्रत्येक नियम म्हणजे त्या लढाईवरचे भाष्य असते. कादंबरीकार आपले मत पात्राच्या तोंडी घालतो, नियम करणारा ते आकड्यात लपवतो. म्हणून असा खेळ खेळताना नियमांचे कर्ते कोण आणि त्यांनी कोणते ग्रंथ वाचले, हे विचारायलाच हवे.

आता या साधनाच्या उणिवा. सर्वांत मोठी ही की पटावर बुणग्यांना जागा नाही. यात्रेकरू, बाजारकरी, बायका, मुले, नोकर यांना चिंचोकाही मिळत नाही. आम्ही छावणी म्हणून मध्ये एक रुमाल ठेवला होता. त्या रुमालात हजारो माणसे होती, आणि पानिपताचे सर्वांत भयंकर प्रकरण, पाडावांची कत्तल आणि बायकामुलांची गुलामगिरी, लढाई संपल्यानंतरचे आहे. पट तर तेव्हा आवरून ठेवलेला असतो. येथे बखरीला, कादंबरीला पर्याय नाही. शोक करणे हे साहित्याचे काम आहे. फाशांना ते जमत नाही. दुसरी उणीव म्हणजे जिंकण्याची चटक. ज्याला केवळ पानिपत 'दुरुस्त' करायचे आहे, तो नियम वाकवत राहतो आणि शेवटी त्याच्या हाती पुन्हा आरासच राहते.

या उणिवा मान्य करूनही हे साधन आपल्यासारख्या दुभाषी मुलखात विशेष उपयोगाचे आहे, असे माझे मत आहे. कारण या खेळात कोणाला तरी अब्दाली व्हावे लागते. आमच्याकडे आरंभी कोणीच तयार होईना. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या. पुढच्या डावात बाजू बदलल्या आणि अब्दालीच्या जागी बसलेल्या मुलाला दिसले की तोही घरापासून दूर आहे, त्याच्या सैन्यालाही परतण्याची घाई आहे. मराठ्यांच्या बाजूचा सर्वांत भरवशाचा सेनानी इब्राहिमखान होता आणि पराभवानंतर तो पकडला जाऊन मारला गेला. ज्याच्या वृत्तांतावर आपण विसंबतो तो काशिराज दक्षिणी ब्राह्मण असून समोरच्या छावणीत होता. पाट्या लावून वाटून टाकण्याइतकी ती दोन सैन्ये सोपी नव्हती.

आणि हा इतिहास आपल्या दारातूनही गेलेला आहे. बारडोलीहून नंदुरबारच्या गाडीत बसले की मढी, व्यारा मागे टाकल्यावर सोनगड लागते. त्या गडावरून उभ्या राहिलेल्या घराण्याचे दमाजी गायकवाड पानिपतावर डाव्या बाजूस, गारद्यांच्या शेजारी लढले आणि जिवंत परतले. उलट दिशेला सुरत आहे. १६६४ आणि १६७० ही वर्षे आपण अभिमानाने सांगतो. वीरजी व्होरासारख्या व्यापाऱ्याच्या शहराला ती वेगळ्या रीतीने आठवतात. आपल्या मुलांच्या वर्गात दोन्ही आठवणींची मुले एका बाकावर बसतात. घरी एक आणि वर्गात दुसरे असे दोन इतिहास त्यांनी वागवावेत, की समोरच्या खुर्चीत काही वेळ बसून पाहण्याची सवय त्यांना लावावी? अभिमान त्याने कमी होत नाही. तो तपासून घेतलेला असल्यामुळे कोणी प्रश्न विचारला तर डळमळत नाही.

दिवाळीतला किल्ला अवश्य करावा. मोहरी पेरावी, महाराजांना सिंहासनावर बसवावे. किल्ला झाला की उरलेल्या सुटीत घरातल्या जेवणाच्या टेबलावर किंवा सतरंजीवर एक पट मांडावा, चिंचोके मोजून घ्यावेत, आणि शेजारच्या मुलाला बोलावून आधी एवढेच विचारावे की घोड्यांच्या दाणा-वैरणीचा नियम काय ठेवायचा.