‘वन्य’ माकडे आणि ६.४ टक्के : एका शोधनिबंधाची चिकित्सा

प्वेर्तो रिकोच्या आग्नेय किनाऱ्यानजीक कायो सांतियागो हे जेमतेम ३८ एकरांचे बेट आहे. १९३८ मध्ये प्राणिवर्तनाचे अभ्यासक क्लॅरेन्स कार्पेंटर यांनी भारतातून नेलेली ४०९ ऱ्हीसस माकडे तेथे सोडली. आजची तेथील सर्व माकडे ही त्यांचीच संतती होय. (माकड आणि वानर यांत मराठी भाषा भेद करते, आपले वृत्तलेखक तो सहसा पाळत नाहीत.) वर्तन आणि आनुवंशिकता यांची सांगड घालू पाहणाऱ्या अभ्यासकाला एवढी दीर्घ वंशावळ अन्यत्र क्वचितच मिळेल.

या वंशावळीवर आधारलेला जॅक्सन क्लाइव्ह व सहकारी यांचा शोधनिबंध २०२३ मध्ये ‘नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन’मध्ये प्रसिद्ध झाला. निरीक्षणाखालील २३६ नरांपैकी ७२ टक्के नरांत समलिंगी आरोहण आढळले, तर मादीशी तसे वर्तन ४६ टक्क्यांत. असे वर्तन प्रजननाला मारक असले पाहिजे, हे गृहीतक वर्षानुवर्षे केवळ उच्चारले जात होते. लेखकांनी ते मोजून पाहिले. प्रजननाची हानी झाल्याचा पुरावा मिळाला नाही. उलट असे संबंध असलेले नर भांडणात एकमेकांची बाजू घेताना अधिक आढळले. हे या निबंधाचे निर्विवाद श्रेय होय.

आक्षेप आहे तो ६.४ टक्के या आनुवंशिकता-प्रमाणाच्या वाचनाविषयी. एखाद्या माकडाचे वर्तन ६.४ टक्के जनुकांमुळे घडते, असा याचा अर्थ नव्हे. विशिष्ट समूहात, विशिष्ट परिस्थितीत, व्यक्तीव्यक्तींमधील फरकांचा किती अंश वंशभेदाशी निगडित आहे, एवढेच हे गुणोत्तर सांगते. परिस्थिती पालटली की गुणोत्तरही पालटू शकते. आणि येथील परिस्थिती कशी आहे? माकडांना रोज तयार खाद्य मिळते, शिकारी प्राणी नाही, बेट सोडून जाण्यास वाव नाही. अशा समूहाला ‘मुक्तसंचारी’ म्हणणे योग्य. ‘वन्य’ म्हणणे ही भाषेची नव्हे, पद्धतीची चूक ठरते.

शिवाय निरीक्षणांचा काळ २०१७ ते २०२० हा आहे. सप्टेंबर २०१७ मधील मारिया चक्रीवादळाने बेटावरील बहुतांश झाडोरा नष्ट केला. त्यानंतर माकडे एकमेकांच्या सान्निध्याबाबत अधिक सहिष्णु झाली, असे कॅमिय टेस्टार्ड व सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये दाखवून दिले. सावली दुर्मिळ झाल्यावर ती वाटून घेणे भाग पडले. जेथे एका वादळाने सामाजिक वर्तनाची घडी बदलते, तेथील टक्केवारी साऱ्या प्रजातीला लावताना हात आखडता घ्यायला हवा.

या माकडांचे मूळ भारतातील आहे, तेव्हा तुलनाही प्रथम येथेच व्हावी. परंतु भारतातील ऱ्हीसस टोळ्याही बव्हंशी देवळे, बाजार आणि रेल्वे स्थानके यांच्या आश्रयाने वाढलेल्या आहेत. आपल्या घाटरस्त्यांवर बॉनेट माकडांना केळी भरवणाऱ्या पर्यटकांनी दक्षिणेकडील प्रजातीचीही तीच गत केली आहे. तुलनेसाठी अरण्यातील टोळ्या निवडाव्या लागतील, विष्ठेतील डीएनएवरून पितृत्व ठरवावे लागेल आणि त्या नोंदी दोन-तीन पिढ्या, म्हणजे वीसेक वर्षे, सांभाळाव्या लागतील. तीन वर्षांच्या प्रकल्प-अनुदानात हे बसत नाही.