‘फँड्री’ : पहिले प्रेम, श्रम आणि नजर

प्रस्तावना

ग्रामीण परिसरातील मुलाचे वयात येणे आणि त्याचे पहिले प्रेम हा मराठी साहित्य व चित्रपटाचा परिचित विषय आहे. अशा कथांत प्रेमाच्या आड सामान्यतः वयाचा संकोच, घरचा धाक किंवा शाळेची शिस्त येते. मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’ (२००४) या कादंबरीतील मुकुंद जोशीपुढे असेच अडथळे आहेत. तथापि शिरोडकरशी बोलण्याची शक्यता त्याला उपलब्ध आहे. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ (२०१३) या चित्रपटातील जब्याला मात्र ती शक्यता जवळजवळ नाही. त्याच्या प्रेमाचा खरा अडथळा संकोच नसून जन्माने वाट्याला आलेले काम हा आहे. या दृष्टीने प्रस्तुत लेखात या चित्रपटाचा विचार केला आहे.

पाहणे आणि पाहिले जाणे

जांबुवंत कचरू माने ऊर्फ जब्या हा कैकाडी कुटुंबातील शाळकरी मुलगा. वर्गातील शालू या वरच्या जातीतील मुलीवर त्याचे मन जडले आहे. हे प्रेम प्रामुख्याने पाहण्यातून व्यक्त होते. काळ्या चिमणीची राख शालूवर टाकली की ती वश होईल, या समजुतीने तो पिऱ्यासोबत रानोमाळ हिंडतो. ही समजूत भाबडी असली तरी तिच्यामागील कारण विचार करण्याजोगे आहे. जिथे सरळ संवादाचा मार्ग बंद असतो, तिथेच जादूची गरज भासते. जीन्स पॅन्टची ओढ हीदेखील याच धडपडीचा भाग होय. आपल्या देहावरील जातीची खूण पुसावी आणि शालूने आपल्याला केवळ एक मुलगा म्हणून पाहावे, एवढीच त्याची इच्छा आहे.

जत्रेचा प्रसंग या इच्छेचा पहिला पराभव दाखवतो. मिरवणुकीत नाचणाऱ्या जब्याच्या डोक्यावर दिवा येतो. ज्याला उजेडात दिसायचे होते, त्याला इतरांसाठी उजेड वाहावा लागतो. पुढे शाळेलगत डुकरे पकडण्याच्या प्रसंगात हा पराभव पूर्ण होतो. जब्या आडोसा शोधत राहतो, वडील त्याला ओढून बाहेर काढतात आणि पाहणाऱ्यांच्या हसण्यात शालूही सामील होते. आतापर्यंत पाहणारा जब्या येथे पाहिला जातो. राष्ट्रगीत सुरू होताच सारे कुटुंब जागच्या जागी उभे राहते आणि डुक्कर निसटते. पुढे पकडलेले डुक्कर फुले, आंबेडकर आदींची चित्रे असलेल्या शाळेच्या भिंतीवरून वाहून नेले जाते. समतेचा धडा देणारी शाळा आणि अपमानाची जागा येथे एकच ठरते.

शालूच्या व्यक्तिरेखेला स्वतंत्र अंतर्विश्व लाभलेले नाही, असा आक्षेप घेता येतो आणि तो काही अंशी ग्राह्य आहे. मात्र संपूर्ण कथन जब्याच्या नजरेतून घडत असल्याने शालूचे दूर राहणे हे त्या अंतराचेच रूप ठरते. कचरूची व्यक्तिरेखाही केवळ कठोर पित्याची नाही. मुलाची लाज त्याला कळते, पण हुंड्याच्या चिंतेने वाकलेल्या बापाला ती परवडणारी नाही.

समारोप

अखेरीस जब्या टवाळखोरांवर दगड भिरकावतो आणि शेवटचा दगड थेट प्रेक्षकाच्या दिशेने येतो. हसणाऱ्यांच्या गर्दीत प्रेक्षकही होता, याची ही जाणीव आहे. प्रेमकथांमध्ये वयात येणे म्हणजे बहुधा प्रेमभंग पचवून शहाणे होणे असते. ‘फँड्री’मध्ये मात्र आपल्या लाजेचे कारण आपल्यात नसून पाहणाऱ्यांत आहे, हे उमगणे म्हणजे वयात येणे होय. जब्याचे प्रेम अव्यक्त राहते. व्यक्त होतो तो त्याचा नकार. ग्रामीण प्रेमकथेच्या रूढ चौकटीला या चित्रपटाने दिलेले वेगळे वळण ते हेच.