झाड जळतं, जग विसरतं : ऑनलाइन गेममधली गोष्ट आणि खेळणाऱ्यांचा राग

(मुक्ताईनगर इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय ऐकून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. व्याख्यान म्हटलं की कविता, कादंबरी, नाटक. आणि हा माणूस गेमवर बोलणार? तेही गेम खेळणाऱ्या पोरांच्या रागावर? पण मला वाटतं, या रागात साहित्याचा एक जुनाच प्रश्न लपलेला आहे. लेखकाने एक जग उभं केलं, त्याचे नियम ठरवले, आणि नंतर स्वतःच ते मोडले, तर वाचकाने काय करायचं? कादंबरीचा वाचक पुस्तक मिटून टाकतो. ऑनलाइन गेमचा खेळाडू मात्र त्या जगात दहा-पंधरा वर्षं राहिलेला असतो, महिन्याची वर्गणी भरून. त्याला घर सोडल्यासारखं वाटतं.

उदाहरण घेऊ 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'चं. ब्लिझर्ड या अमेरिकन कंपनीचा हा गेम नोव्हेंबर २००४ मध्ये आला. ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ॲझरॉथ नावाचं एक काल्पनिक जग आहे. त्यात दोन मोठे पक्ष आहेत, अलायन्स आणि होर्ड. खेळाडू एका पक्षाचा होतो, आपलं पात्र घडवतो, आणि हजारो लोकांबरोबर एकाच जगात वावरतो. दर दोन-एक वर्षांनी नवा मोठा भाग येतो, त्याला एक्स्पान्शन म्हणतात. गोष्ट पुढे सरकते ती त्यातूनच.

२०१८ साली 'बॅटल फॉर ॲझरॉथ' हा भाग आला. त्याच्या तोंडावर होर्डची प्रमुख सिल्वानस हिने टेल्ड्रासिल नावाचं प्रचंड झाड जाळलं. हे झाड म्हणजे एका अख्ख्या जमातीचं घर, त्याच्या माथ्यावर वसलेलं शहर. खेळाडू चिडले, आणि गंमत म्हणजे दोन्ही पक्षांचे. ज्यांचं शहर जळलं ते चिडले हे समजतं. पण होर्डवालेही म्हणाले, आम्ही या बाजूला वर्षानुवर्षं मान-इभ्रतीसाठी लढलो. डार्कशोअरच्या किनाऱ्यापर्यंत फौज न्यायचं काम आमच्याकडून करून घेतलंत, आणि जाळायचा निर्णय मात्र एका चित्रफितीत परस्पर झाला. आम्हाला विचारलं कुणी?

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. त्याच प्रसंगात अलायन्सच्या खेळाडूला एक कामगिरी मिळते. जळत्या शहरात शिरून लोकांना बाहेर काढायचं. लोक इतके, आणि वेळ इतका थोडा, की कितीही धावलात तरी बहुतेक मागेच राहतात. ती कामगिरी पूर्ण होतच नाही. ही उत्तम कथनकला आहे. शोकांतिका सांगायला संवाद लागला नाही, खेळाच्या नियमानेच ती सांगितली. त्यामुळे 'गेमवाल्यांना गोष्ट सांगताच येत नाही' हे म्हणणं मला मान्य नाही. येतं. म्हणूनच पुढे जे झालं ते जास्त टोचतं.

पुढे काय झालं? २०१८ मध्ये आपल्याला दाखवलं की मरणाऱ्या एका शत्रूच्या बोलण्याने सिल्वानस डिवचली जाते आणि जाळण्याचा हुकूम देते. क्रूर, पण कळणारं. २०२० च्या 'शॅडोलँड्स'मध्ये सांगितलं गेलं की यामागे मृत्युलोकातल्या जेलर नावाच्या एका शक्तीशी झालेला करार होता, आणि मेलेल्यांचे आत्मे त्याच्याकडे पोचावेत अशी योजना होती. एवढ्यावर थांबलं नाही. आधीच्या गेममधल्या गाजलेल्या खलनायकाचं शिरस्त्राणही या जेलरच्या योजनेचाच भाग निघालं. म्हणजे वीस वर्षांतल्या लोकांच्या निवडी, चुका, पापं, सगळ्यांचा धनी एकच, आणि तोही काल-परवा पहिल्यांदा दिसलेला. आणि हा जेलर २०२२ मध्ये मरतो तेव्हा, मरता मरता, आपण हे का केलं याचा मोघम इशारा देतो. हेतू कळायच्या आत माणूस संपला!

आता तुमच्या-आमच्या घरचं उदाहरण घेतो. चांगदेव वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन भावंडांना भेटायला निघाले आणि इकडून भिंत चालत गेली, ही कथा इथल्या लहान मुलालाही माहीत आहे. भिंत चालते, तरी आपण हरकत घेत नाही. का? कारण कथेने नियम आधी सांगितलाय. चांगदेवांची सत्ता सजीव वाघावर चालते. समोरचा जर निर्जीव भिंत चालवत असेल, तर मोठा कोण हे वेगळं सांगावं लागत नाही. आणि या चमत्काराला परिणाम आहे. चौदाशे वर्षं जगलेला योगी एका लहान मुलीला गुरू मानतो. तो परिणाम पुढे कधी परत घेतला जात नाही. उद्या एखादा कीर्तनकार म्हणाला, 'वाघ खरं तर चांगदेवांचा नव्हताच, त्याच्यामागे दुसराच कुणी होता, त्याचं नाव पुढच्या वर्षी सांगतो', तर तुम्ही त्याला पुन्हा कीर्तनाला बोलवाल का? (हशा) जेलरवर खेळाडू चिडले ते नेमकं यासाठी. अद्भुताला त्यांची ना नव्हती. अद्भुताचा हिशोब मागे जाऊन बदलला, याला होती.

दुसरा मुद्दा जगाच्या रचनेचा. टेल्ड्रासिल जळालं, ठीक. पण त्याच जमातीचं नवं पात्र घेऊन जुन्या पद्धतीने खेळ सुरू करा. तुम्ही त्याच झाडावर उभे असता, हिरव्यागार! डार्कशोअरमध्ये झिडोर्मी नावाचं एक पात्र आहे, तिच्याशी बोललं की ती तुम्हाला जाळपोळीच्या आधीच्या काळात नेते. अडचण मी समजू शकतो. जुनी ठिकाणं टाकून कशी द्यायची? त्यातली कामं, आठवणी, सगळं तिथेच आहे. पण परिणाम असा की एकाच नकाशावर तीन-चार काळ एकमेकांवर चिकटवलेले आहेत. २०१० च्या 'कॅटॅक्लिझम'ने निम्मं जुनं जग बदललं. २०२० नंतर काही काळ नव्या खेळाडूला थेट २०१८ च्या गोष्टीत नेऊन सोडत होते. त्याला सिल्वानस कोण, झाड कुणाचं, काहीच ठाऊक नसायचं. मग त्याला दुःख तरी कशाचं व्हावं?

आपल्या गावाकडे बघा. एदलाबादचं मुक्ताईनगर झालं. पण एदलाबाद नव्हतंच, असं कुणी म्हणत नाही. म्हातारी माणसं अजून ते नाव घेतात. कोथळीचं मंदिर आहे, तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव आहे, १२९७ मध्ये मुक्ताई जिथे विजेच्या कडकडाटात अंतर्धान पावली असं परंपरा सांगते ते मेहूण आहे. गोष्ट जमिनीवर खुणा ठेवते आणि आषाढीला पालखी निघते तेव्हा माणसं ती पायाने पुन्हा वाचतात. बदल होतो, पण बदलाची नोंद राहते. चांगल्या काल्पनिक जगाकडून मी एवढीच अपेक्षा करतो.

खेळाडूंनी ही अपेक्षा कृतीनेही दाखवली. नोस्टालरियस नावाचा सर्व्हर काही चाहत्यांनी परवानगीशिवाय चालवला होता. त्यावर गेमचं जुनं रूप जसंच्या तसं होतं. एप्रिल २०१६ मध्ये कंपनीच्या कायदेशीर इशाऱ्यानंतर तो बंद झाला. त्यानंतरच्या निवेदनावर दोन लाखांहून जास्त सह्या झाल्या. शेवटी ऑगस्ट २०१९ मध्ये कंपनीनेच 'क्लासिक' आणला. बेकायदा सर्व्हरची बाजू मी घेत नाही. पण लोक नवं सोडून जुनं मागत होते, यातला निरोप स्पष्ट होता.

अर्थात सगळाच राग टीका नसतो. 'माझा पक्ष हरला', 'माझं आवडतं पात्र मेलं', ही नाराजी आहे, समीक्षा नाही. आवडतं पात्र मेलंच पाहिजे अशाही गोष्टी असतात. प्रश्न एवढाच विचारावा : जे घडलं ते या जगाच्या नियमातून घडलं का, आणि घडल्यावर जग बदललं का?

हाच प्रश्न आपल्या घरच्या गेमला विचारतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी : ॲन एन्शंट एपिक' २०२० मध्ये आला. हा ऑनलाइन नाही, एकट्याने खेळायचा. २०१७ मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न फसला होता, तरी चिकाटीने पूर्ण केला. त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गेमसाठी नामांकनही मिळालं. राखीपौर्णिमेच्या दिवशी राजीचा भाऊ गोलू याला असुर पळवतात आणि ती त्याला शोधायला निघते. दुर्गा आणि विष्णू निवेदन करतात. मधले प्रसंग छायाबाहुल्यांतून येतात. पिंगुळीच्या चामड्याच्या बाहुल्या बघितलेल्यांना ते फार ओळखीचं वाटेल. भिंतींवरच्या चित्रांसमोर उभं राहिलं की पुराणकथा उलगडते.

जग देखणं आहे, यात वाद नाही. पण त्या वाड्यांमध्ये माणसं जवळजवळ नाहीत. भिंत कथा सांगते, राजी ऐकते, आणि पुढे निघते. त्या कथेने तिच्या वागण्यात काय बदललं? फारसं काही नाही. आणि शेवट इतका अचानक येतो की अनेक समीक्षकांनी त्यावरच बोट ठेवलं. छोटी टीम, तुटपुंजा पैसा, हे मान्य. तरी ज्यांना उद्या आपल्या मातीतल्या कथांवर गेम करायचे आहेत, त्यांनी यातून शिकावं. देऊळ, दीपमाळ, गडाचा दरवाजा काढणं हे अर्धं काम. त्या दरवाज्यातून गेल्यावर खेळणाऱ्याला काहीतरी गमवावं किंवा कमवावं लागलं पाहिजे, आणि परत आला तर दरवाज्याने त्याला ओळखलं पाहिजे.

एवढं बोलून थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.

प्रश्न : सर, कंपनी धंदा करते. लोक खेळत राहतात तोवर गोष्ट चांगली की वाईट, तिला काय फरक पडतो?

उत्तर : पडतो. वर्गणी बंद करायचं बटण खेळाडूच्या हातात असतं. आणि बघा, २०२३-२४ मध्ये त्याच गेममध्ये त्या बेघर जमातीला नवं झाड मिळालं, नवं शहर मिळालं. जखम भरायला पाच वर्षं लागली, आणि ती अर्धवटच भरली असं म्हणणारे बरेच आहेत. पण जग काही काळ का होईना आपल्या जळालेल्या झाडाची आठवण ठेवून वागलं. पोरांनी एवढा आरडाओरडा केला नसता, तर ते झाड लावायची कुणाला घाई होती, असं तुम्हाला वाटतं?