ट्रेलरपुरतं अपहरण

१ मार्च १९६३ रोजी अकिरा कुरोसावाचा 'हाय अँड लो' जपानमध्ये प्रदर्शित झाला. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला टोकियोतल्या एका बागेतून चार वर्षांचा मुलगा नाहीसा झाला. घरी फोन येऊ लागले : ५ लाख येन द्या. घरच्यांनी पैसे दिले, आरोपी पोलिसांच्या हातावर तुरी देऊन निसटला आणि मूल काही परत आलं नाही. दोन वर्षांनी जो माणूस पकडला गेला त्याने सांगितलं, की ही कल्पना त्याला कुरोसावाच्या सिनेमाच्या ट्रेलरवरून सुचली होती.

सिनेमावरून नाही, ट्रेलरवरून. कुरोसावाबद्दलच्या लिखाणात हा तपशील बहुतेकदा एखाद्या दुर्दैवी तळटिपेसारखा येतो. दोन ओळींची हळहळ आणि मग पुन्हा फ्रेम, लेन्स, प्रकाश. मला तो तळटिपेत मावणारा वाटत नाही. अपहरणाच्या बातम्या, खंडणीचे आकडे, बक्षिसाच्या घोषणा आणि या सगळ्यावरचे सिनेमे यांमुळे आणखी मुलं धोक्यात येतात का, असा प्रश्न अधूनमधून विचारला जातो. त्याचं उत्तर शोधायचं तर या ट्रेलरपासून सुरुवात करणं बरं. (पुढे दोन-तीन सिनेमांचे शेवट उघड होणार आहेत. पाहायचे असतील तर आधी पाहून या, लेख इथेच आहे.)

यातली बोचणारी गोष्ट म्हणजे कुरोसावाचा हेतू नेमका उलटा होता. जपानच्या तेव्हाच्या कायद्यात पैशासाठी केलेल्या अपहरणाला जास्तीत जास्त १० वर्षांची शिक्षा होती. ही शिक्षा फारच सौम्य आहे या संतापातून त्याने सिनेमा केला. एड मॅकबेनची 'किंग्ज रॅन्सम' ही १९५९ची अमेरिकन कादंबरी त्याने घेतली आणि तिला थेट योकोहामात आणून बसवलं.

गोष्ट थोडक्यात अशी. टेकडीवरच्या आलिशान घरात गोंदो हा बुटांच्या कंपनीतला बडा अधिकारी राहतो. घरदार गहाण टाकून त्याने कंपनी ताब्यात घ्यायला पैसा उभा केलाय. फोन येतो : तुझा मुलगा आमच्याकडे आहे, ३ कोटी येन दे. गोंदो क्षणात तयार होतो. तेवढ्यात त्याचा मुलगा खोलीत येतो. चुकून उचललाय तो त्याच्या ड्रायव्हरचा मुलगा. चूक कळल्यावरही अपहरणकर्ता मागणी सोडत नाही, पैसे तूच द्यायचे म्हणतो. आणि आता मात्र गोंदो 'नाही' म्हणतो.

'इतर मुलं' हा शब्द अशा चर्चांत आपण किती सहज वापरतो. खंडणी देऊ नका, इतर मुलं धोक्यात येतील. नाव छापू नका, इतर मुलं धोक्यात येतील. कुरोसावा त्या 'इतर' मुलाला चेहरा देतो, आणि त्याच्या बापाला मालकाच्या दिवाणखान्यात खाली मान घालून उभा करतो. सिनेमाचा जवळपास पहिला तास याच एका खोलीत घडतो. खंडणी न देण्यामागचं तत्त्व कितीही बरोबर असो, ते कुणाच्या मुलाच्या बाबतीत पाळायचं हे खिशातल्या पैशावरून ठरतं. हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारा दुसरा सिनेमा मला माहीत नाही. मॅकबेनचा नायक खंडणी देत नाही. कुरोसावाचा देतो, आणि त्यात सगळं गमावतो.

आपल्याकडे या सिनेमावरून १९७७ साली 'इनकार' आला, राज सिप्पी दिग्दर्शित, विनोद खन्नाचा. तो आता आठवला जातो उषा मंगेशकरांनी गायलेल्या 'मुंगडा'साठी आणि हेलनसाठी. ड्रायव्हरच्या पोराची आठवण क्वचितच कुणी काढतं.

आता थोडं मागे, पॅरिसला जाऊ. कारण कुरोसावाच्या ट्रेलरआधीही अशीच एक साखळी तयार झाली होती. १२ एप्रिल १९६० रोजी प्यूजो मोटार कंपनीच्या घराण्यातला चार वर्षांचा मुलगा पॅरिसजवळच्या एका गोल्फ क्लबातून पळवला गेला. पळवणाऱ्यांनी योजना उचलली होती लायोनेल व्हाइट या अमेरिकन लेखकाच्या 'द स्नॅचर्स' या १९५३च्या कादंबरीच्या फ्रेंच अनुवादातून. खंडणीच्या चिठ्ठीचा मजकूरसुद्धा तिच्यातूनच घेतलेला. कादंबरीतल्या टोळीचं काय होतं? वाट लागते. म्हणजे या दोघांनी पुस्तक वाचलं खरं, पण शेवट आपल्याला लागू नाही असं धरून वाचलं.

प्यूजो कुटुंबाने ५ कोटी जुने फ्रँक दिले आणि काही दिवसांत मूल सुखरूप परत आलं. बातमी जगभर गेली. पुढच्याच महिन्यात टोकियोत सात वर्षांचा एक शाळकरी मुलगा पळवला गेला. आरोपी दंतवैद्य होता आणि पॅरिसच्या बातमीने त्याला वाट दाखवली होती. या वेळी मूल जिवंत परतलं नाही. वर्तमानपत्रांनी घटना ठळकपणे चालवली होती आणि पकडला गेल्यावर दंतवैद्य म्हणाला, की त्या बातम्यांनी आपल्याला कोंडीत पकडलं.

त्याच्या म्हणण्यावर किती विश्वास ठेवायचा हा प्रश्न आहेच. खुनी माणूस खापर फोडायला डोकं शोधतो, आणि वर्तमानपत्राचं डोकं सोयीचं असतं. पण तारखा पाहा. पॅरिसचे आरोपी पकडले गेले मार्च १९६१ मध्ये. दंतवैद्याने मूल पळवलं मे १९६० मध्ये. त्याच्यापर्यंत पोचली तेव्हा बातमी एवढीच होती : मूल उचललं, पैसे मागितले, पैसे मिळाले, कुणी सापडलं नाही. पुढचा अर्धा भाग अजून घडायचा होता. खोटं कुणी छापलं नव्हतं. छापलेलं सगळं खरंच होतं, फक्त ते ट्रेलरएवढं होतं.

ट्रेलर म्हणजे तरी काय? शेवट सोडून बाकी सगळं. 'हाय अँड लो' पूर्ण पाहिला तर अपहरणाबद्दल कुणाचं मत चांगलं होण्याची शक्यता नाही. उत्तरार्धात पोलीस घामाने निथळत, एकेक धागा पकडत योकोहामा पालथं घालतात. फोनमागे ऐकू आलेला ट्रॉलीचा आवाज, मुलाने काढलेलं चित्र, पैशांच्या बॅगेत शिवलेली आणि जाळल्यावर रंगीत धूर सोडणारी पूड. कृष्णधवल पडद्यावर एका चिमणीतून तो गुलाबी धूर उठतो ते दृश्य सिनेमाच्या इतिहासात जाऊन बसलंय. पण तिथवर पोचायला दीड-दोन तास बसावं लागतं.

कुरोसावाच्या भक्तांना हे आवडणार नाही, पण तोही इथे पूर्ण सुटत नाही. मधोमध तो आगगाडीचा प्रसंग आहे. धावत्या एक्सप्रेसच्या स्वच्छतागृहाची खिडकी जेमतेम ७ सेंटिमीटर उघडते आणि अपहरणकर्त्याने नेमक्या त्या मापाच्या बॅगा मागवलेल्या असतात. गाडीत पोलीस असून नसल्यासारखे. या मिनिटांत आपण श्वास रोखून पाहतो आणि मनातल्या मनात त्या अदृश्य माणसाच्या हुशारीला दाद देतो. शिक्षा वाढवा म्हणणारा सिनेमा काही मिनिटं गुन्ह्याच्या कारागिरीच्या प्रेमात पडतो. टोकियोतल्या आरोपीला गरज ट्रेलरने दिली नव्हती. तो घड्याळं दुरुस्त करणारा, कर्जात बुडालेला माणूस होता. पण गरजेला आकार कुठून तरी मिळावा लागतो.

म्हणून प्रसिद्धी बंद करा? त्याच खटल्यात याचं गुंतागुंतीचं उत्तर आहे. १९६०च्या अनुभवाने जपानी वृत्तपत्रांनी ठरवलं होतं, की मूल अपहरणकर्त्याच्या हातात असताना बातमी रोखायची. १९६३ मध्ये तसा करार झाला आणि पाळला गेला. तरी मूल वाचलं नाही, कारण ते पहिल्याच रात्री मारलं गेलं होतं. मग पोलिसांनी उलटा रस्ता धरला. आरोपीच्या फोनचं रेकॉर्डिंग रेडिओ-टीव्हीवरून साऱ्या देशाला ऐकवलं. आवाज ओळखल्याचं सांगणारे लोक पुढे आले. त्यात त्याचा सख्खा भाऊ होता.

एकच प्रकरण, एकच माध्यमं. आधी गप्प राहणं शहाणपणाचं ठरलं, मग बोलणं. फरक वेळेचा होता आणि त्याहून जास्त मजकुराचा. रकमेचा आकडा ऐकून ऐकणारा स्वतःचा हिशेब मांडू लागतो. आवाज ऐकून तो आठवायला लागतो, की हा कुठे ऐकलाय. कुरोसावाला हे पक्कं ठाऊक होतं. त्याच्या सिनेमातले पोलीस पत्रकारांना बोलावून विनंती करतात, की साथीदारांच्या मृत्यूची बातमी दाबा आणि खंडणीतली एक नोट सापडल्याचं छापा. पत्रकार ऐकतात. खोटी बातमी छापली जाते ती फक्त एका वाचकासाठी. वृत्तपत्रांवर एवढा भरवसा टाकणारा प्रसंग आज पाहताना जरा हसू येतं. व्हॉट्सॲप ग्रुपच्या ॲडमिनला अशी विनंती कोण करणार?

बक्षिसाचा आकडा मात्र खंडणीच्या उलट काम करतो, असं हॉलिवूडला वाटत आलंय. १९५६च्या 'रॅन्सम!'मध्ये आणि १९९६च्या त्याच नावाच्या रिमेकमध्ये बाप टीव्हीवर जातो आणि जाहीर करतो : खंडणी देणार नाही, हीच रक्कम आता अपहरणकर्त्याच्या डोक्यावर इनाम आहे. पहिल्या सिनेमात ग्लेन फोर्ड हा निर्णय घेताना कोसळतो. दुसऱ्यात मेल गिब्सन २० लाख डॉलर टेबलावर पसरून कॅमेऱ्यात डोळे घालतो आणि आपण टाळ्या वाजवायच्या असतात. मी पहिल्यांदा वाजवल्याही असतील, प्रसंगच तसा आहे. पण पटकथा नकळत आपल्याच नायकाचा मुद्दा खोडून काढते. टोळीचा म्होरक्या हा पोलीस डिटेक्टिव्हच असतो. बक्षीस वाढलेलं पाहून तो साथीदारांना गोळ्या घालतो, स्वतः मुलाचा तारणहार बनतो आणि धनादेश घ्यायला येतो. पैसा तोच, देणारा तोच, घेणाराही तोच. नाव तेवढं बदललं. दिग्दर्शक रॉन हॉवर्ड या शक्यतेपाशी थांबत नाही, पाठलाग आणि मारामारीकडे धावतो. सिनेमा तिथे स्वस्त होतो.

हॉवर्डच्या सिनेमात प्रसिद्धीची किंमत निदान गुन्हेगाराच्या पदरात पडते. प्रत्यक्षात धोक्यात येणारे 'इतर' कोणीही असू शकतात, आणि ती मुलंच असतील असंही नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत फिरणारे लोक. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा महिनाभर मोबाइलवरून फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच जणांना फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणायला सुरुवात केली.

त्या वर्षी देशभर अशा अफवांसोबत एक व्हिडिओ फिरत होता. रस्त्यावर खेळणारी पोरं, दुचाकीवर दोघे येतात, एक पोर उचलतात, सुसाट निघून जातात. क्लिप तिथे संपायची. मूळ व्हिडिओ कराचीतल्या एका संस्थेने बनवलेला, मुलांना सांभाळा हे सांगण्यासाठी. कुणीतरी कापून टाकलेल्या शेवटच्या काही सेकंदांत दुचाकी वळून परत येते, मागचा माणूस पोराला होतं तिथे खाली उतरवतो आणि कॅमेऱ्यासमोर एक फलक धरतो.