मुक्या खांबांचा गड

पार्किंगमधला किल्ला उभ्यानं बघायचा नसतो, हे मला सत्तरीला टेकल्यावर एका नववीतल्या मुलीनं शिकवलं. मी चित्रकलेचा मास्तर. निवृत्तीनंतर दहा-बारा दिवाळ्या आमच्या भागातल्या किल्ला स्पर्धांचं परीक्षण केलं. हातात गुणांचा तक्ता. सुबकतेला दहा, इतिहासाला दहा, स्वच्छतेला पाच. बाजूला आशेनं बघणारे आईबाप. शेकड्यानं किल्ले पाहिले, पण सगळे वरून, घारीसारखे. यंदा आमच्याच सोसायटीत ही मुलगी म्हणाली, "काका, खाली बसा ना. मावळ्याएवढे व्हा." गुडघे कुरकुरले, पण बसलो. आणि समोरचा चिखलाचा ढीग एकदम डोंगर झाला.

पुस्तकांची, गाण्यांची, नाटकांची रसग्रहणं आपल्याकडे पुष्कळ होतात. तीन आठवड्यांनी फावड्यानं उकरून कुंड्यांत जाणाऱ्या वस्तूचं कोणी करत नाही. मी करतोय, कारण इतकी विचारपूर्वक रचलेली कलाकृती मी या वर्षात दुसरी पाहिलेली नाही, आणि त्यात चित्रप्रदर्शनंही धरली आहेत.

आधी विषयाची निवड. मुलं किल्ला करतात तेव्हा बहुधा 'एक किल्ला' करतात: वर सिंहासनावर महाराज, खाली गुहेत वाघ, दोन तोफा, एक देऊळ. नाव द्यायचंच झालं तर सिंहासनासाठी रायगड, नाहीतर अफजलखानासाठी प्रतापगड. हिनं राजगड घेतला. राजगडावर महाराजांची पंचवीसेक वर्षं गेली, पण मातीत करायला हा गड फार अवघड. मधे बालेकिल्ला आणि त्याच्यापासून तीन दिशांना पसरलेल्या पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या माच्या. ओल्या मातीचा स्वभाव शंकू होण्याचा. तिला तीन हात पसरायला लावणं म्हणजे हट्टी म्हशीला वळवण्यासारखं. पुन्हा राजगड करणारा सुवेळा-पद्मावतीवर भागवतो आणि संजीवनी एका ओंजळीत उरकतो. इथे उलटं आहे. निम्मा गड संजीवनीचा आहे.

याला कारण तिचा छंद. ही मुलगी क्रोशा विणते. कंपासपेटीत कर्कटकाच्या शेजारी क्रोशाची सुई. सकाळची शाळा, संध्याकाळचा क्लास, आणि या दोन्हींच्या मधल्या फटींत केसांचे रबरबँड, किल्ल्यांना अडकवायची सूर्यफुलं, कुणाच्या मोबाइलचं कव्हर. वर्गातल्या मुलींना ती हे विकते आणि उधारी ठेवत नाही. विणायला शिकवलं आजीनं, पुढचं यूट्यूबनं; त्यामुळे तिची भाषा धेडगुजरी आहे. आजी ज्याला मुका खांब म्हणते, त्याला ती कधी मुका खांब म्हणते, कधी सिंगल क्रोशे.

आता संजीवनी माचीचं वैशिष्ट्य आठवा. तिथे दुहेरी तटबंदी आहे, चिलखती बुरूज आहेत. बुरुजाला बाहेरून आणखी एक भिंत चिलखतासारखी घातलेली, मधे एका माणसापुरती चिंचोळी वाट. शत्रूनं बाहेरचा तट फोडला, तरी आत पुन्हा तटच. हे चिखलात करून बघा: दोन बोटांच्या अंतरावर दोन वळणदार भिंती उभ्या राहतच नाहीत, वाळताना एकमेकींच्या गळ्यात पडतात. या मुलीनं तट विणला. सुतळी घेऊन, जाड सुईनं, मुक्या खांबांच्या रांगांवर रांगा. मग ती पट्टी गेरू आणि मातीच्या पातळ कालवणात बुचकळून, बाटल्यांभोवती वळवून दोन दिवस सुकवली. सुतळी कडक झाली. जवळून पाहिलं तर एकेक टाका एकेक चिरा दिसतो. थरांवर थर, सांधे एकाआड एक, गवंडी लावतो तसे. बाजारात तटाचे साचे मिळतात, प्लास्टर ऑफ पॅरिसचे अख्खे किल्लेसुद्धा मिळतात, रस्त्याकडेला ओळीनं मांडलेले. (ते विकत आणणाऱ्या पालकांबद्दल मला काय वाटतं, ते दिवाळी अंकात छापता येणार नाही.) त्या साच्यातल्या भिंतीवर चिरे कोरलेले असतात. इथे भिंत चिऱ्यांचीच झाली आहे.

दुसरी करामत अंतराची. नऊ फुटांच्या जागेत गड मैलभर लांब वाटायला हवा. तिनं हळीव दोन हप्त्यांत पेरले. पायथ्याचे पाच दिवस आधी, मधल्या उताराचे नंतर; म्हणजे पहिल्या दिव्याला पुढचं गवत बोटभर आणि मधलं जेमतेम अंकुरलेलं. वर बालेकिल्ल्याच्या कड्याला हळीव नाहीतच, तिथे पावसाळ्यात कंपाउंडच्या भिंतीवरून खरवडून ठेवलेलं शेवाळ. मावळ्यांचंही तसंच. कुंभारवाड्यातून आणलेले मातीचे मावळे फक्त पायथ्याशी. त्यांच्या वर खडूचे कोरलेले, आणि अगदी वर काडेपेटीच्या काड्या, गुलाच्या जागी भगवा ठिपका. उभं राहून पाहिलं तर हे सगळं विसंगत दिसतं. काडी आणि मावळा यांचा मेळ बसत नाही. बसलात की बसतो. मावळ्याच्या डोळ्यांच्या रेषेत आपले डोळे आले की काड्या दूरच्या पहाऱ्यावरची माणसं होतात. हा निव्वळ गनिमी कावा आहे: जागा कमी, सामान कमी, म्हणून बघणाऱ्यालाच आपल्याला हव्या त्या खिंडीत आणायचं.

कावेबाज ती इतरत्रही आहे. पार्किंगची जागा मिळवायला तिनं सेक्रेटरींना रीतसर अर्ज केला. जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. त्यात राजगड आहे, तेव्हा या ऐतिहासिक वर्षी सोसायटीनं दोन गाड्यांची जागा द्यावी, असा मजकूर. मी म्हटलं, "अगं, दोन कशाला?" ती म्हणाली, "दोन मागितल्या की एक मिळते." एक मिळाली.

कारभारही शिवकालीन. महाराजांच्या गडावर एकाच्या हाती सगळी सत्ता नसे. हवालदाराकडे किल्ल्या, सबनिसाकडे हिशेब, कारखानिसाकडे कोठार. हवालदार ही स्वतः; पंपाच्या खोलीची किल्ली तिच्या गळ्यात लोंबत असते. सबनीस चौथ्या मजल्यावरचा तिच्याच वर्गातला मुलगा, जो हळिवाच्या पुडीपासून सगळं वहीत मांडतो आणि कुणी बिस्किटं खाल्ली तेही मांडतो. कारखानीस मात्र यंदा नव्हती. गेली तीन वर्षं होती ती बी विंगमधली तिची जिवलग मैत्रीण. जूनमध्ये दोघींचं बिनसलं, वाढदिवसाच्या कुठल्याशा बोलावण्यावरून. मधे चार महिने गेले. मैत्रिणीनं बी विंगच्या जिन्याखाली स्वतंत्र तोरणा मांडला. यादीत तोरणा नाही, हेही बी विंगला लागलं होतंच.

इथे या कलाकृतीचा मला सगळ्यात आवडलेला भाग येतो, आणि तो मला तिसऱ्या बैठकीत दिसला. संजीवनी माचीची सोंड पंपाच्या खोलीच्या मोकळ्या बाजूला न्यायची सोडून तिनं अडचणीच्या बाजूला, गाड्यांच्या दिशेनं काढली होती. मला ती चूक वाटली. परीक्षक असतो तर दोन गुण कापले असते. मग लक्षात आलं, ती सोंड सरळ बी विंगच्या जिन्याकडे बघते आहे. विचारल्यावर तिनं सुतळीतून नजरही वर केली नाही. "खरी वाट पण तिकडूनच जाते, काका. आळू दरवाज्यातून उतरून तोरण्याच्या बुधला माचीवर." खोटं नव्हतं. डोंगरधारेवरून जाणारी ती वाट भटके लोक अजून चालतात. सोंडेच्या टोकाला तिनं आळू दरवाजा उघडा ठेवला होता आणि पुढे पार्किंगच्या फरशीवर चार अर्ध्या विटा मांडल्या होत्या. निरोप नाही, माफी नाही, मोबाइलवर एक शब्द नाही.

वसुबारसेच्या संध्याकाळी तोरण्याकडूनही विटा यायला लागल्या. तळमजल्यावरच्या गृहस्थांनी काहीतरी पुटपुटत स्कूटर हलवली. दोन धारा मधे भेटायला हव्या होत्या, पण वीतभर चुकल्या. कारण तोरणा मोठ्या प्रमाणात केलेला होता. त्याचा बुधला म्हणजे रॉकेलचं जुनं नरसाळं उपडं घालून लिंपलेलं, आमच्या बालेकिल्ल्याहून उंच. दोघी त्या वीतभर अंतरावर अर्धा तास भांडल्या, आणि ते भांडण ऐकून मला कळलं की आता सगळं ठीक आहे. तोरण्याच्या डागडुजीत सापडलेल्या धनातून राजगड उभा राहिला, असं सांगतात. धनत्रयोदशीला पद्मावती माचीची ढासळलेली कड सावरायला विटा आल्या, त्या तोरण्याच्या उरलेल्या. कारखानिशी भरली गेली.

दोष आहेत. सलाइनच्या नळीचा धबधबा हा सबनिसाचा हट्ट. ऑक्टोबरात राजगडावर धबधबा कुठला? पाट्या फार आहेत, प्रत्येक दरवाज्याला स्टिकर, म्हणजे डोळ्यांना काही शोधायला ठेवलंच नाही. सुवेळ्याचं नेढं बांगडी पुरून केलंय, त्यामुळे ते फार गोल झालं; वाऱ्यापावसानं पडलेलं भोक इतकं गुळगुळीत नसतं. आणि तटावरची रंगीत दिव्यांची माळ काढून टाकावी, ही विनंती मी दोनदा केली, दोनदा नाकारली गेली.

पण पद्मावतीच्या देवळासमोर या. सगळ्या गडावर पाट्या आहेत, तिथे नाही. एक साधा गारगोटीचा दगड, आणि त्यावर रोज सकाळी ताजं प्राजक्ताचं फूल. सईबाई 1659 मध्ये राजगडावर गेल्या. ही त्यांची समाधी. सगळीकडे अंतराचं गणित इतकं काटेकोर सांभाळणाऱ्या मुलीनं इथे ते उघड उघड मोडलंय. फूल शेजारच्या देवळाएवढं दिसतं. मी विचारलं, एखादी लहानशी मंजिरी का नाही ठेवत, शोभली असती. "ते फूल खरं आहे ना," ती म्हणाली, आणि सुतळीचा गुंडा उचलून गेली. यावर मास्तरानं बोलण्यासारखं काही नव्हतं.

गड तुळशीच्या लग्नापर्यंत उभा आहे. संध्याकाळी सातनंतर, दिवे लागल्यावर या. चपला विटांच्या अलीकडे काढा, आणि मुख्य म्हणजे खाली बसा. गुडघे दुखणाऱ्यांसाठी सबनिसानं पाट ठेवला आहे. उठताना तो जागेवर ठेवावा, वहीत नोंद होते.