‘संरक्षण’ या पदाचे अपादान : गॅल्व्हेस्टनच्या सागरभिंतीचा विचार

भय आणि रक्षण या अर्थांच्या धातूंच्या योगात भयाच्या हेतूस पाणिनीने अपादान मानले आहे. रक्षण म्हटले की ‘कशापासून’ ही आकांक्षा उत्पन्न होते. ती पुरी झाली नाही तर वाक्यार्थ अपुरा राहतो. किनाऱ्यावरील नगरांच्या संरक्षण-योजनांत हा अपुरेपणा किती महाग पडू शकतो, हे टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन या बेटावरील शहराच्या इतिहासावरून दिसते.

१८७५ व १८८६ च्या वादळांनी त्याच किनाऱ्यावरील इंडियानोला हे बंदर उद्ध्वस्त केले होते. तरीही १८९१ मध्ये हवामान-अधिकारी आयझॅक क्लाइन यांनी एका वृत्तपत्रीय लेखात, वादळी लाटेने गॅल्व्हेस्टनची गंभीर हानी होणे अशक्य आहे, असे प्रतिपादन केले. किनाऱ्यावर येऊन गेलेली वादळे त्यांनी आकस्मिक ठरविली. म्हणजे प्रतिकूल उदाहरणास अपवाद म्हणून नियम राखला. भयहेतूच नाकारल्यावर रक्षणाचा प्रश्न उरला नाही. ८ सप्टेंबर १९०० च्या वादळात किमान ६,००० माणसे मृत्युमुखी पडली.

१९०२ मध्ये तीन अभियंत्यांच्या मंडळाने १७ फूट उंचीची भिंत बांधावी आणि तिच्यामागील जमीन भराव घालून उंच करावी, अशी दुहेरी शिफारस केली. भिंतीचा पहिला भाग १९०४ मध्ये पुरा झाला आणि १९१५ च्या वादळात शहर टिकले. या योजनेचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु भिंत आखाताच्या बाजूस होती व भरावाचा उतार मागील खाडीकडे होता. ‘आखातापासून’ हे अपादान योजनेत होते, ‘खाडीपासून’ हे नव्हते. २००८ च्या आइक वादळात पाणी खाडीच्या बाजूनेच जुन्या व्यापारी पेठेत शिरले.

अमेरिकी सैन्याच्या अभियंता दलाने २०२१ मध्ये पूर्ण केलेल्या आणि २०२२ मध्ये काँग्रेसने मान्यता दिलेल्या योजनेत खाडीच्या मुखाशी दरवाजे व शहराभोवती बांधाचे वलय अंतर्भूत आहे. हे वलय म्हणजे त्या अनुक्त पदाची उशिरा झालेली पूर्ती होय. तथापि वलयासही उंची असते, आणि उंची म्हणजे मर्यादा. ‘संरक्षित’ हे विशेषण ती मर्यादा दृष्टीआड करते. म्हणून ‘कोणत्या पाण्यापासून’ आणि ‘किती उंचीपर्यंत’ ही दोन पदे जोडल्यावाचून या विशेषणाचा उपयोग योजनांच्या परिभाषेत करणे सदोष मानले पाहिजे.